आहे तशी की हवी तशी?

टीव्हीच्या रिमोटवरची प्लॅस्टिकची पिशवी वर्षानुवर्षं न काढणारी माणसं आणि रिमोट हातात आला की मागचं झाकण उघडून बघणारी माणसं, या दोन जाती आपल्याकडे घरोघरी नांदतात. स्पोर्ट्स कारच्या दुनियेतही नेमक्या याच दोन. पहिली म्हणते, कंपनीनं दिली तशीच ठेवा, स्क्रूचं डोकंसुद्धा बदलू नका. दुसरी जात गाडी शोरूममधून घरी न आणता थेट गॅरेजात नेते. मी मनानं दुसऱ्या जातीचा. आमचा रिमोट अजून पिशवीतच आहे, कारण घरात आईचं चालतं.

२६ वर्षांत ३९१ किलोमीटर

पिशवीवाल्यांचा सगळ्यात मोठा विजय २०२१ मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात झाला. १९९५ ची मॅक्लॅरेन एफ१ तिथं आली, तेव्हा ती एकूण ३९१ किलोमीटर चालली होती. म्हणजे मुंबई-पुणे-मुंबई करून पुन्हा लोणावळ्यापर्यंत, चिक्की घ्यायला. एवढ्याशा प्रवासासाठी तिला मिळाले २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर.

पण थांबा. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१९ मध्ये, दुसरी एक मॅक्लॅरेन एफ१ विकली गेली होती. तिचं मूळपण केव्हाच गेलेलं. इंजिन जास्त ताकदीचं केलेलं, हवेचा दाब वाढवणारे भाग अंगावर चढवलेले, आतली सजावट बदललेली. तिची किंमत आली १ कोटी ९८ लाख ५ हजार डॉलर! इतक्या बदललेल्या गाडीला जवळपास सोवळ्यातल्या गाडीइतकाच भाव कसा? कारण पाना फिरवणारा हात मॅक्लॅरेन कंपनीचाच होता. गल्लीतल्या गॅरेजनं हेच केलं असतं, तर त्याला मोडतोड म्हटलं असतं. कंपनीनं केलं की ती ‘एलएम स्पेसिफिकेशन’.

रुसलेल्या काउंटचा पावाचा टेम्पो

माझा सगळ्यात आवडता किस्सा इटलीतला. १९६१ मध्ये फेरारीत मोठं बंड झालं आणि एन्झो फेरारीचे अनेक बिनीचे लोक कंपनीबाहेर पडले. त्यांत इंजिनिअर जिओत्तो बिझ्झारिनीही होता. फेरारी २५० जीटीओ ही गाडी मुख्यतः त्याच्याच डोक्यातून निघालेली. बाहेर पडलेल्यांनी नवी कंपनी काढली, तेव्हा काउंट जिओव्हानी व्होल्पी या तरुण सरदारानं तिला पैसे पुरवले. व्होल्पीचा स्वतःचा रेसिंगचा संघ होता आणि त्याला दोन नव्याकोऱ्या जीटीओ हव्या होत्या. एन्झोनं हिशेब चुकता केला. गाड्या मिळणार नाहीत!

दुसरा कुणी असता तर हात चोळत बसला असता. व्होल्पीनं आपली जुनी २५० जीटी एसडब्ल्यूबी बिझ्झारिनीच्या हवाली केली. जीटीओ त्यानंच घडवलेली, त्यामुळे गुपितं सगळी ठाऊक. त्यानं इंजिन मागं सरकवलं, खाली बसवलं आणि छप्पर उतरतं न ठेवता सपाट मागपर्यंत ओढून शेवटी एकदम कापून टाकलं. हवा कापायला हा आकार उत्तम, पण दिसायला गाडी अशी झाली की इंग्रज पत्रकारांनी तिचं बारसं केलं ‘ब्रेडव्हॅन’. आपल्या भाषेत पावाचा टेम्पो.

१९६२ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत हा टेम्पो फेरारीच्या जीटीओंच्या पुढं पळत होता. चौथ्या तासाला ड्राइव्हशाफ्ट मोडला आणि काउंटचा सूड अर्धवट राहिला. त्या काळी ही गाडी म्हणजे फेरारीच्या दृष्टीनं पाप. आज तिच्या छपराला हात लावून ती ‘मूळ’ एसडब्ल्यूबीसारखी करायचं कुणी नुसतं बोलून दाखवलं, तरी अवघं मोटारविश्व त्याच्या अंगावर धावून येईल.

२८० चा जपानी आकडा

१९८९ च्या सुमाराला जपानी मोटार कंपन्यांनी आपसात एक अलिखित करार केला: देशात विकायच्या गाडीची ताकद २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. हा सभ्यपणा २००४ पर्यंत चालला. मजेचा भाग ‘जाहीर’ या शब्दात आहे. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर २८०, टोयोटा सुप्राच्या कागदावरही २८०, आणि बॉनेटखाली काय दडलंय हे गॅरेजवाल्याला ठाऊक. सुप्राच्या २जेझेड इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, इतका दणकट की मोठा टर्बो लावून लोक त्यातून हजारावर अश्वशक्ती काढू लागले. पोरगं ‘पेपर अवघड गेला’ म्हणतं आणि निकालात ९५ टक्के आणतं, त्यातली गत.

परिणाम असा झाला की ज्याला जमेल त्यानं आपली सुप्रा आणि स्कायलाइन उघडली. अस्सल, न छेडलेल्या गाड्या दुर्मीळ झाल्या, आणि कंपन्यांना आपल्याच जुन्या लेकरांची काळजी वाटू लागली. निस्साननं २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरचे आणि टोयोटानं २०२० मध्ये जुन्या सुप्राचे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले.

तरीही बाजारात बाजी कुणी मारली? ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या २००१ च्या चित्रपटातली नारिंगी सुप्रा: मागं भलामोठा पंख, अंगभर चित्रं. पिशवीवाल्यांचा जीव घाबरा व्हावा असं सगळं. २०२१ मध्ये ती साडेपाच लाख डॉलरला गेली. याच मालिकेतल्या २००९ च्या चित्रपटात अभिनेता पॉल वॉकरनं चालवलेली निळी आर३४ स्कायलाइन २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरला.

कान टोचणं आणि कान कापणं

पोर्शे ९११ म्हणजे पिशवीवाल्यांचं सोवळं. तिच्याच अंगावर जगातले सगळ्यात धाडसी प्रयोग झालेत, हा योगायोग नसावा.

टोकियोजवळच्या चिबा प्रांतात अकिरा नाकाई नावाचे गृहस्थ आहेत. आरडब्ल्यूबी हे त्यांच्या कामाचं नाव. गिऱ्हाईक जगात कुठंही असो, नाकाई स्वतः तिथं जातात, करवत काढतात आणि ९११ चे फेंडर सरळ कापतात. मग त्यावर रुंद फेंडर बसवतात आणि गाडीला नाव देऊन परततात. यात परतीची वाट नाही. चाकं बदलली, स्प्रिंगा बदलल्या, तर उद्या पूर्ववत करता येतं. ते कान टोचणं. कापलेला पत्रा मात्र परत उगवत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ‘सिंगर’ची तऱ्हा उलटी. ते १९८९ ते १९९४ मधली ९६४ मालिकेची ९११ घेतात आणि ती त्याहून जुनी, सत्तरच्या आसपासची वाटावी अशी घडवतात. आत सगळं नव्यानं केलेलं, वरून आजोबांचा कोट. संस्थापक रॉब डिकिन्सन हे ‘कॅथरीन व्हील’ या बँडचे माजी गायक. कंपनीच्या नावात त्यांचा जुना धंदा आहे आणि पोर्शेचे रेसिंग इंजिनिअर नॉर्बर्ट सिंगर यांना नमस्कारही.

आणि रूफ? हे जर्मन लोक पोर्शेचा नुसता सांगाडा घेऊन बाकी गाडी स्वतः उभी करतात. १९८१ पासून जर्मन सरकार त्यांना स्वतंत्र उत्पादक मानतं आणि गाडीवर चॅसी नंबरही रूफचाच पडतो. १९८७ मध्ये एका अमेरिकी मासिकानं फोक्सवॅगनच्या एरा-लेसियनच्या ट्रॅकवर वेगवान गाड्यांची चाचणी घेतली. रूफची पिवळी सीटीआर ताशी ३३९ किलोमीटरला पोचली आणि पोर्शेची स्वतःची ९५९ मागं पडली. मासिकाच्या लोकांनी तिला ‘यलोबर्ड’ म्हटलं, तेच नाव चिकटलं.

फेरारीला मांजर चालत नाही

जोएल झिमरमन ऊर्फ डेडमाऊस या कॅनेडियन संगीतकारानं आपल्या फेरारी ४५८ वर इंटरनेटवरच्या प्रसिद्ध ‘न्यान कॅट’ मांजरीचं चित्र चढवलं आणि बॅजवरचा घोडा काढून मांजर बसवली. गाडीचं नाव ‘पुरारी’. २०१४ मध्ये फेरारीच्या वकिलांची नोटीस आली. त्यानं चित्र उतरवलं, गाडी विकली, आणि पुढच्या लॅम्बोर्गिनीवर तीच मांजर चिकटवली.

लाल डुक्कर ते चाकण

एएमजी ही अक्षरं आज मर्सिडीजच्या बुडावर दिसली की सिग्नलवरचं पब्लिक मान वळवतं. ही अक्षरं मुळात एका मॉडिफायवाल्या गॅरेजाची. हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर या दोन इंजिनिअरांनी १९६७ मध्ये ते काढलं. ए आणि एम त्यांच्या आडनावांचे, जी आउफ्रेख्टच्या ग्रोसआस्पाख या गावाचा.

१९७१ मध्ये त्यांनी स्पा इथल्या २४ तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची ३०० एसईएल उतरवली. शेठजींनी मागच्या सीटवर बसून पेपर वाचावा अशी ही सेदान. इंजिन ६.३ लिटरचं ६.८ केलं, अंगाला लाल रंग फासला. छोट्या, हलक्या गाड्यांच्या गर्दीत हे धूड पाहून लोक हसले. २४ तासांनी ते धूड एकूण क्रमवारीत दुसरं आलं. टोपणनाव पडलं ‘रोटे झाउ’, म्हणजे लाल डुक्कर.

त्या डुकराचं पुढं काय झालं? फ्रान्सच्या मात्रा कंपनीनं ते विकत घेतलं, लांबवलं आणि विमानाच्या लँडिंग गिअरची चाचणी घ्यायला वापरलं. धावपट्टीच्या लांबीत तितका वेग गाठणारी दुसरी वजनदार गाडी कुठून आणायची? मॉडिफाय केलेल्या गाडीचं पुन्हा मॉडिफिकेशन. मूळ गाडी त्यातच संपली. आज दिसते ती प्रतिकृती.

गॅरेजाला मात्र मर्सिडीजनं हळूहळू पोटात घेतलं, २००५ पर्यंत पूर्ण. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात जुळणी झालेली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, बाहेर पडली ती आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून. एकेकाळी जे ‘कंपनीबाहेरचं काम’ होतं, ते आता कंपनीचं, वॉरंटीसकट.

टारझन आणि आरटीओ

आपल्याकडे या वादात तिसरा पक्ष आहे: आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर शिक्कामोर्तब केलं. सीएनजी किटसारख्या बदलांना परवानगीची वाट आहे. रंग बदलायचा तर नोंद करा. बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो तर आपल्या शहरांतल्या वर्तमानपत्रांत नेहमीचेच.

या हिशेबानं ‘टारझन: द वंडर कार’मधल्या गाडीचं पासिंग अवघडच. २००४ च्या त्या चित्रपटात मुलगा वडिलांची भंगारात गेलेली गाडी आणून नव्यानं घडवतो आणि तिच्यात वडिलांचा आत्मा येतो. पडद्यावरची जांभळी गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसीनं टोयोटा एमआर२ वर बांधलेली. आरसीच्या कुठल्या रकान्यात आत्मा लिहायचा, हे कायद्यात नाही.

उलट पिशवीवाल्यांना सरकारनं २०२१ मध्ये बक्षीस दिलं. ५० वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडी असेल, तर ‘व्हीए’ अक्षरांची खास विंटेज नंबरप्लेट. फक्त मिरवायला हं, रोज भाजी आणायला नाही.

जास्त चकचकीत? गुण कापा!

शेवरोलेच्या कॉर्व्हेटचे भक्त अमेरिकेत १९७४ पासून एक सोसायटी चालवतात, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. तिथं गाडी तपासताना प्रश्न एकच: कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ही अशीच होती का? रंग कारखान्यापेक्षा सरस लागला असेल, तर गुण जातात. म्हणून लोक कामगारांच्या खडूच्या खुणा, रंगाचे उडालेले शिंतोडे, सगळं इमानेइतबारे पुन्हा करतात. मुद्दाम गचाळ काम करायला इतकी मेहनत बहुधा जगात दुसरीकडे कुठं घेत नसतील.

पेबल बीचच्या नामांकित स्पर्धेत २०२४ मध्ये तर इतिहास घडला. रंगरंगोटी न केलेली, जुन्या अवस्थेतच जपलेली गाडी पहिल्यांदाच सर्वोत्तम ठरली: १९३४ ची बुगाटी टाइप ५९. पिशवीवाल्यांनी पेढे वाटावेत असा दिवस. फक्त त्यांना कुणी हे सांगू नये की ही गाडी जन्मली ग्राँ प्री शर्यतीसाठी. नंतर तिची रस्त्यावरची स्पोर्ट्स कार केली गेली आणि बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड यानं ती काळ्या रंगात, पिवळ्या पट्ट्यासह घेतली. स्पर्धेत पहिला आलेला तो विटलेला, जपून ठेवलेला काळा रंगही जन्मापासूनचा नव्हता.

मॅक्वीनचं पत्र

‘बुलिट’ हा १९६८ चा चित्रपट. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीननं पळवलेली हिरवी मस्टँग जीटी. चित्रीकरणासाठी तिचं सस्पेन्शन बदललं, खालच्या बाजूला कॅमेरे बसवायला आधार वेल्ड केले. पुढं १९७४ मध्ये एका कुटुंबानं ती ६,००० डॉलरला घेतली आणि त्या घरची शिक्षिका आई ती शाळेत न्यायची.

१९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनचं पत्र आलं. गाडी मला द्या, हवं तर तुम्हाला दुसरी मस्टँग शोधून देतो. ती रिस्टोअर करायची नाही, मूळ अवस्थेतच ठेवायचीय, आणि मूळ म्हणजे चित्रपटात होती तशी. कुटुंबानं दाद दिली नाही. गाडी गॅरेजातच राहिली. २०२० मध्ये तिचा लिलाव झाला, शुल्क धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला. पोचे, गंज, विटलेला रंग, आणि पोटाखाली ते वेल्ड केलेले आधार सगळे जिथल्या तिथं.