चाळिशीनंतरची कामेच्छा : संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा?

पुणे-लोणावळा लोकलने जाताना रुळालगतच्या भिंती वाचत गेलात, तर 'मर्दानी कमजोरी'वर हमखास इलाज सांगणारी एखादी जाहिरात दिसतेच. याच मार्गाच्या शेवटी, लोणावळ्यात, योगाला प्रयोगशाळेत नेणारी कैवल्यधाम ही संस्था १९२४ पासून उभी आहे. एकाच विषयावर दोन टोकं: एकीकडे हमी, दुसरीकडे मोजमाप. पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "योगाने पुरुषांची कामेच्छा वाढते का, असा विषय घेतला तर चालेल का?" चालेल. पण या वाक्यात किमान चार प्रश्न एकात एक अडकलेत. ते आधी सोडवू.

पहिला घोळ शब्दांचा. आपल्याकडे 'कमजोरी' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात जातात. कामेच्छा म्हणजे मनात इच्छा येणं. ताठरता म्हणजे शरीराने साथ देणं. आणि प्रजननक्षमता म्हणजे मूल होण्याची शक्यता. इच्छा भरपूर पण ताठरता नाही, असं होऊ शकतं; उलटही होतं; आणि दोन्ही ठीक असूनही शुक्राणू कमी असू शकतात. प्रश्नावलीत नुसतं 'कमजोरी वाटते का?' असं विचारलंत, तर मिळालेल्या उत्तराचा अर्थ तुम्हालाच लावता येणार नाही.

दुसरा घोळ कारणाचा. 'वय झालं, हार्मोन कमी झालं' हे सर्वांचं आवडतं स्पष्टीकरण. टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर घटतं हे खरं. मध्यम वयानंतर साधारण वर्षाला एक टक्का, असा ढोबळ अंदाज दिला जातो. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला युरोपातला अभ्यास बघा. आठ केंद्रांवरचे ४० ते ७९ वयाचे ३,३६९ पुरुष त्यात होते. इच्छेचे विचार कमी होणं, सकाळची ताठरता कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं, ही तिन्ही लक्षणं आणि सोबत रक्तात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी, असे किती निघाले? फक्त २.१ टक्के. इच्छा कमी झाल्याची तक्रार यापेक्षा कितीतरी अधिक पुरुष करतात. मग बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांत मधुमेह, वाढलेलं पोट, नैराश्य, दारू, नैराश्यावरची काही औषधं, नवरा-बायकोतला अबोला आणि अपुरी झोप असते. झोपेचं घ्या. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. हा अभ्यास २०११ चा. दहाच माणसं आणि तीही तरुण, म्हणून त्यावर मोठी इमारत बांधू नका. पण तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आलटून-पालटून रात्रपाळी करणाऱ्या ४५ वर्षांच्या माणसाला झोपेबद्दल न विचारता थेट हार्मोनची चाचणी सांगणं बरोबर नाही, एवढं नक्की कळतं. आणि चाचणी करायचीच, तर सकाळी, उपाशीपोटी आणि किमान दोनदा. दुपारच्या एका नमुन्यावर निदान होत नाही.

तिसरा प्रश्न उपायांचा. इथे पुरावा सगळ्या उपायांना सारखा नाही. इटलीत लठ्ठपणा आणि ताठरतेची अडचण असलेले ३५ ते ५५ वयाचे ११० पुरुष घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं आहार-व्यायामाचं सविस्तर मार्गदर्शन, दुसऱ्याला फक्त सर्वसाधारण माहिती. पहिल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली, दुसऱ्या ५५ पैकी तिघांची. हा २००४ चा अभ्यास. लक्षात घ्या, मोजली ती ताठरता, कामेच्छा नव्हे. 'व्यायामाने इच्छा वाढते' असं त्यावरून लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पकडतील.

टेस्टोस्टेरॉन देण्याचं काय? अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर चाचण्या झाल्या. वर्षभर काहींना जेल, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी जेल. ज्यांना खरं औषध मिळालं, त्यांची इच्छा माफक प्रमाणात वाढली. २०२३ मध्ये ५,२०० हून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाचा तीव्र त्रास हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसले. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीरातली शुक्राणूनिर्मिती दबते. म्हणजे ज्याची पातळी खरंच कमी आहे त्याला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उपयोग आहे. जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने घ्यायची ही वस्तू नाही.

आता आपला मूळ विषय, योग. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी कैवल्यधाम काढलं त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं आणि आतला दाब मोजला. यातून शिकण्यासारखं हे, की 'योग चांगला' असं न म्हणता एक क्रिया निवडली, एक मोजता येणारी गोष्ट निवडली आणि ती मोजली. मात्र दाब बदलला हे दाखवणं वेगळं आणि त्याने आजार बरा होतो हे दाखवणं वेगळं.

कामजीवनावर योगाचा परिणाम तपासणारा एक भारतीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ पुरुष, १२ आठवडे योग, आधी आणि नंतर प्रश्नावली. गुण वाढले, इच्छेचेसुद्धा. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि संशोधकांनी तसं शीर्षकातच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तुलना नसली की काय होतं? १८८९ मध्ये पॅरिसच्या ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने ७२ व्या वर्षी कुत्रे आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. पुढे तसाच अर्क बनवून तपासला, तेव्हा त्यातलं टेस्टोस्टेरॉन परिणाम करण्याइतकं नव्हतंच. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला बरं वाटलं होतं, एवढंच.

तर मावळात हा अभ्यास कसा कराल? चार गोष्टी वहीत लिहून ठेवा.

एक, हंगाम. पहिली मोजणी जुलैत भातलावणीच्या ऐन धांदलीत आणि दुसरी ऑक्टोबरात घेतलीत, तर वाढलेले गुण योगाचे की कंबर मोकळी झाल्याचे? दोन्ही गटांची मोजणी एकाच काळात हवी.

दोन, तुलना. योग गटाला रोज तासभर कुणीतरी आपुलकीने भेटतं, त्याचाही परिणाम होतो. म्हणून दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ द्या, चालण्याचा किंवा साध्या व्यायामाचा. आणि कोण कोणत्या गटात जाईल हे तुम्ही ठरवू नका, चिठ्ठीला ठरवू द्या.

तीन, विचारणार कोण. गावातल्या आशाताई प्रत्येक घर ओळखतात, म्हणूनच या प्रश्नावलीसाठी त्यांना पाठवू नका. वहिनींच्या ओळखीच्या बाईसमोर कुणी खरं सांगणार नाही. बंद पाकिटात, नावाऐवजी क्रमांक घालून, माणसाला स्वतः भरू द्या. परकी प्रश्नावली वापरणार असाल, तर मराठी अनुवाद दुसऱ्या कुणाकडून उलट भाषांतरित करून ताडून बघा.

चार, परवानग्या. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि पहिला माणूस दाखल होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद. काय मोजणार हे आधी जाहीर केलं, की निकाल बघून प्रश्न बदलण्याचा मोह राहत नाही.

आणि एक गोष्ट परवानगीच्या कागदावर सहसा नसते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे वाहिन्या आतून खराब होऊ लागल्या की ताठरतेची तक्रार काही वेळा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. तुमच्या पाकिटात 'हो' लिहिणारा माणूस कदाचित साखर कधीच न तपासलेला मधुमेही असेल. त्याचे गुण तक्त्यात भरून पुढे जाऊ नका. प्रत्येक सहभागीचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची, गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात पाठवण्याची सोय योजनेतच धरा.

असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच, कारण विचारायला दुसरी जागा नसते. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून अशी जागा करून दिली. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, आणि एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तुमच्या प्रबंधाने तेवढं धाडस करायची गरज नाही. नीट विचारलेला प्रश्न आणि नीट जपलेली गोपनीयता पुरे.

आता सराव. तुमचा विषय एका वाक्यात लिहा: कोणते पुरुष, कोणता उपाय, कशाशी तुलना, काय मोजणार, किती आठवड्यांनी. पाचपैकी एक जागा जरी रिकामी राहिली, तरी मार्गदर्शकांकडे जायची घाई करू नका. आधी ती जागा भरा.