पाणी, तेल की थुंकी?

वस्तऱ्याने दाढी करण्याच्या रील्स तुम्ही बघितल्या असतीलच. मस्त फेस, सर्रकन फिरणारं पातं, गुळगुळीत गाल. त्याआधी दगडावर घालवलेला तासभर मात्र कोणी दाखवत नाही. सलूनमधला ब्लेड बदलायचा वस्तरा नव्हे, अस्सल एकसंध पोलादी वस्तरा घेतला की त्याला धार लावणं आलंच. त्यासाठी नैसर्गिक दगड आणला की पहिला प्रश्न पडतो, यावर घालायचं काय?

हा वाद आजचा नाही. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच धारेच्या दगडांची वर्गवारी करून ठेवलीय. क्रीटचे दगड तेलावर चालणारे, नॅक्सॉस बेटावरचे पाण्यावर, सिलिशियाचे दोन्हींवर. आणि चौथा प्रकार सलूनवाल्यांचा, चक्क थुंकी लावून वापरायचा! (ईऽऽ! पण लिहिलंय खरं.)

वंगण कशासाठी? वस्तरा सरकावा म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. ते थोडंफार बरोबर, पण खरं काम सफाईचं. घासताना पोलादाचा बारीक चुरा निघतो. तो दगडात रुतून बसला की दगड काळा पडतो आणि कापेनासा होतो. वंगण तो चुरा तरंगत ठेवतं, मग आपण पुसून टाकायचा.

म्हणजे ठरवणार दगडच. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगराळ भागातला पिवळसर कोटिक्यूल घ्या. त्याच्या पोटात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. पाण्याचे थेंब टाकून छोट्या दगडाने वर घासलं की दुधासारखी राड तयार होते, गार्नेट मोकळे होतात आणि पोलाद झपाझप कापलं जातं. गंमत अशी, की त्याच राडीत नाजूक धार आपटत राहते आणि एका मर्यादेपुढे तीक्ष्ण होत नाही. म्हणून थेंब थेंब पाणी वाढवत राड पातळ करत न्यायची, शेवटचे हात निव्वळ पाण्यावर. इथे आधीच तेल ओतलं तर हा सगळा खेळच संपला.

अमेरिकेतल्या अर्कान्साचा नोव्हाक्युलाइट उलट्या स्वभावाचा. नावातच वस्तरा आहे, लॅटिनमध्ये 'नोव्हाक्युला' म्हणजे वस्तरा. हा जवळजवळ शुद्ध सिलिका आणि इतका घट्ट, की साधं पाणी त्यावर पसरायच्या ऐवजी मण्यांसारखं गोळा होतं. म्हणून तिथे परंपरेने तेल. क्योटोकडच्या जपानी दगडांना पाणीच, विषय संपला.

बरं, तेल म्हणजे कुठलं? किचनमधलं प्लीज नको. जवसाचं तेल रंगात घालतात ते सुकून त्याचा पापुद्रा होतो म्हणूनच. बाकीची खाद्यतेलंही हळूहळू चिकट होतात. खोबरेल लवकर चिकट होत नाही, पण पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठतं ते दगडावर का नाही गोठणार? शिलाई मशीनचं तेल सगळ्यात बरं. पातळ असतं, चिकटत नाही. जाड तेलावर वस्तरा नुसता तरंगतो, धार दगडाला टेकतच नाही.

आणि मेन मुद्दा. पाण्यावरून तेलावर कधीही जाता येतं, पण मुरलेलं तेल काढणं म्हणजे नुसती कटकट. जुन्या बाजारातून अनोळखी दगड आणला असेल तर माझं मत स्पष्ट आहे : आधी पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. तेवढ्याने अर्कान्सावरही पाणी पसरतं. शेव्हिंग क्रीमचा फेसही चालतो, धुतला की गेला.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने आजोबांच्या वस्तऱ्यासाठी दोन महिन्यांचा स्टायपेंड घालून तळहाताएवढा कोटिक्यूल मागवला. घरच्यांनी लगेच खोबरेलाची बाटली पुढे केली, आजोबा तेच लावायचे म्हणे. आजीने वेळेवर अडवलं. "अरे, ते वस्तरा ठेवून देताना पात्याला लावायचे, गंजू नये म्हणून. दगडाला नाही काही." दगड वाचला. तेलाचं बोट मात्र तो रोज पात्यावरून फिरवतो. मुंबईच्या दमट हवेत ओला राहिलेला वस्तरा रात्रीतून डाग धरतो.

गालाला अजून वस्तरा लावलेला नाही. सध्या हातावरचे केस कापून धार तपासणं चाललंय. डावा हात एकदम चकाचक झालाय.