मोटारगाडीतील इंधन पुरवठा यंत्रणेची क्षमतावाढ

मोटारगाडीच्या एंजिनातून मूळ आराखड्यापेक्षा अधिक शक्ती घ्यावयाची असल्यास टाकीपासून सिलिंडरापर्यंतच्या इंधनमार्गातील पंप, गाळणी, नळ्या, दाब नियामक आणि अंतःक्षेपक किंवा कार्ब्युरेटर यांची वहनक्षमता वाढवावी लागते. येथे प्रामुख्याने पेट्रोल एंजिनांचा विचार केला आहे.

एंजिनाची शक्ती वाढते ती मुळात अधिक हवा आत घेतल्यामुळे. टर्बोचार्जर बसविणे, झडपांचे मार्ग रुंद करणे, फेऱ्यांचा वेग वाढविणे हे सर्व उपाय सिलिंडरात जास्त हवा भरण्याचे आहेत. इंधन यंत्रणेचे काम त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल देणे एवढेच असते. म्हणून केवळ मोठे अंतःक्षेपक बसविल्याने गाडी जोरात पळू लागत नाही. उलट हवा वाढवून इंधन मात्र पूर्वीचेच ठेवल्यास एंजिनाचा नाश ओढवू शकतो. पूर्ण ज्वलनासाठी १ किग्रॅ. पेट्रोलास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. पूर्ण भारावर मात्र हे प्रमाण सु. १२·५ ते १३ : १, तर टर्बोचार्जरयुक्त एंजिनात बहुधा ११·५ ते १२ : १ असे समृद्ध ठेवतात. जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड होते व आपोआप होणाऱ्या अनियंत्रित ज्वलनाला, म्हणजेच नॉकिंगला, आळा बसतो.

पूर्ण भारावर मिश्रण विरल झाले, तर हेच संरक्षण नाहीसे होते. ज्वलनवायूंचे तापमान २,०००° से. च्या वर असते, तर दट्ट्याची ॲल्युमिनियमची मिश्रधातू ६६०° से. च्याही खाली वितळू लागते. दट्ट्याच्या माथ्यालगत असलेला वायूचा स्थिर पातळ थर आणि दट्ट्यातून सतत बाहेर जाणारी उष्णता यांमुळेच तो टिकून राहतो. नॉकिंगच्या दाबलहरींनी हा थर विस्कटला की माथ्याला खड्डे पडतात, कड्यांमधील पट्ट्या तुटतात आणि प्रसंगी माथ्याला आरपार भोक पडते. या दोषाचे फसवे लक्षण असे की, मंद गतीवर व शहरातील वाहतुकीत तो मुळीच जाणवत नाही. पुरवठ्यातील तूट फक्त पूर्ण भाराच्या वेळी, म्हणजे नुकसान सर्वाधिक होण्याच्या क्षणीच, उघड होते.

गरजेचा अंदाज विशिष्ट इंधन खपावरून काढतात. नैसर्गिकपणे हवा घेणारे पेट्रोल एंजिन पूर्ण भारावर दर किलोवॉट-तासास सु. ०·३० किग्रॅ. पेट्रोल वापरते, समृद्ध मिश्रणामुळे टर्बोचार्जरयुक्त एंजिनाला सु. ०·३६ किग्रॅ. लागते. चार सिलिंडरांच्या १०० किलोवॉटच्या एंजिनाला यानुसार तासाला ३० किग्रॅ. पेट्रोल हवे. टर्बोचार्जर बसवून त्याची शक्ती १६० किलोवॉट केल्यास ही गरज ५७·६ किग्रॅ. होते. शक्ती ६० टक्क्यांनी वाढली, इंधन मात्र ९२ टक्क्यांनी. हौशी कामगारांचे गणित बहुतेक वेळा येथेच चुकते.

चतुर्धाव एंजिनात मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगाला एक संपूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत उरकते. अंतःक्षेपक यांतील सु. ८५ टक्क्यांहून अधिक काळ उघडा ठेवू नये, कारण त्यापुढे त्याला नीट मिटण्यास अवधी मिळत नाही व मात्रा बेभरवशाची होते. ही मर्यादा धरता वरील उदाहरणात प्रत्येक अंतःक्षेपकाची क्षमता दर मिनिटास सु. २०० घ. सेंमी. वरून सु. ३८० घ. सेंमी. वर न्यावी लागते. सावधगिरी म्हणून याहून कितीतरी मोठे अंतःक्षेपक घेणेही बरे नव्हे. मंद गतीवर ते अत्यंत अल्प काळ उघडावे लागतात आणि उघडझापीतच त्यातील बराच वेळ गेल्याने एंजिन अडखळते.

इंधनाचा दाब वाढविणे हा स्वस्त वाटणारा मार्ग आहे; परंतु प्रवाह दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारचा दाब ४ बार केल्यास प्रवाह जेमतेम १५ टक्क्यांनी वाढतो, आणि वाढत्या दाबाला तोंड देताना पंपाची वहनक्षमता घटते. टर्बोचार्जरमुळे आणखी एक अडचण उद्भवते. अंतर्ग्रहण नळीत १ बार जादा दाब असताना इंधनाचा दाब ३ बारवर स्थिर राहिला, तर परिणामी फरक २ बारच उरतो व प्रवाह सु. १८ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून दाब नियामक अंतर्ग्रहण नळीच्या दाबाशी जोडलेला असावा लागतो.

पंपाची निवड करताना कागदावरील आकडा नव्हे, तर प्रत्यक्ष दाबाला व प्रत्यक्ष विद्युत् दाबाला मिळणारा प्रवाह पाहिला पाहिजे. मोठ्या पंपाला जुन्या बारीक वायरींतून वीज दिल्यास वाटेत व्होल्ट गळतात व पंप मंदावतो. जाड वायर व स्वतंत्र रिले ही किरकोळ खर्चाची बाब असूनही सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते. टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूस सरकून पंप हवा ओढू लागतो. शर्यतीच्या गाड्यांत यासाठी मधे एक लहान साठवणटाकी बसवितात.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मुख्य जेटचे छिद्र वाढवितात; मात्र तेथे अंतःक्षेपणाचा पंप तसाच लावणे धोक्याचे ठरते. तरंगकाच्या सुईझडपेला एक बारहून बराच कमी दाब पेलतो. दाब त्यापलीकडे गेल्यास पेट्रोल ओसंडून तप्त एंजिनावर सांडते.

१९५२ सालच्या मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएल या शर्यतीच्या गाडीत कार्ब्युरेटर होते व तीन लिटर एंजिनाची शक्ती सु. १७० अश्वशक्ती होती. १९५४ मध्ये विक्रीस आलेल्या त्याच नावाच्या गाडीत बॉशच्या यांत्रिक पंपाने सरळ सिलिंडरात अंतःक्षेपण केले जाई व शक्ती २१५ अश्वशक्ती झाली. पण किल्ली बंद केल्यावर एंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडीतच राही. ते सिलिंडरावरील तेल धुऊन खाली तेलात मिसळे. आधुनिक थेट अंतःक्षेपणात दाब २०० बार वा त्याहून अधिक असतो आणि अंतःक्षेपणाला चक्राचा थोडाच भाग उपलब्ध असतो. त्यामुळे तेथे क्षमतावाढ सर्वांत अवघड व महाग असते. काही वेळा अंतर्ग्रहण नळीत अंतःक्षेपकांचा दुसरा संच बसवून तूट भरून काढतात.

इंधन बदलले की सर्व हिशेब पुन्हा मांडावे लागतात. निव्वळ एथेनॉलाला हवेचे प्रमाण सु. ९ : १ लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ते वजनाने पेट्रोलापेक्षा ६० टक्क्यांहून अधिक द्यावे लागते. भारतात २०२५ पर्यंत देशभर विक्रीस आलेल्या २० टक्के एथेनॉलमिश्रित पेट्रोलाच्या बाबतीत, शुद्ध पेट्रोलाच्या तुलनेने, घनफळातील ही वाढ सु. ७ टक्के आहे. जुन्या पेट्रोलावर ८५ टक्क्यांच्या मर्यादेला टेकलेले अंतःक्षेपक त्यामुळे ९० टक्क्यांपलीकडे जातात. शिवाय जुन्या रबरी नळ्या एथेनॉलाने फुगतात किंवा त्यांना चिरा पडतात, म्हणून त्याही बदलाव्या लागतात.

काम झाल्यावर प्रथम एंजिन चालू न करता पंपाने दाब देऊन प्रत्येक जोड कोरडा असल्याची खात्री करतात. त्यानंतर निष्कासन नळीत विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक लावून टप्प्याटप्प्याने भार वाढवीत मिश्रण मोजतात. साधा संवेदक १४·७ : १ च्या आसपासच विश्वसनीय असल्याने या कामी निरुपयोगी ठरतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई असून इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त संचासारखे काही अपवाद त्यात आहेत. त्यामुळे वर वर्णन केलेल्या फेरफारांपैकी बरेचसे बंदिस्त शर्यतमार्गावरील गाड्यांपुरतेच योग्य होत.