रझाकारीचा हिशेब

कासीम रझवी लातूरचा वकील होता. मी औशाच्या कोर्टात वकिली करते, लातूरच्या कोर्टातही जाणं-येणं असतं. आपल्याच पेशातला माणूस निजामाच्या बाजूच्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा पुढारी झाला आणि त्याच्या सशस्त्र रझाकारांनी सबंध हैदराबाद संस्थानात गावं जाळली, माणसं मारली, हे मला आजही बोचतं. आजी सांगायची, रझाकार येणार असं कळलं की बायकापोरं घेऊन लोक हद्दीपल्याड बार्शीकडं निघायचे. पलीकडं निजामाचं राज्य नव्हतं.

13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज संस्थानात शिरली, 17 तारखेला निजाम शरण आला. आमच्याकडं याला पोलिस अ‍ॅक्शन म्हणतात. रझवी पकडला गेला. पण त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली ती बीबीनगर या एका गावावर जानेवारी 1948 मध्ये घातलेल्या दरोड्यासाठी. बाकी शेकडो गावांचं काय? पुढाऱ्यावर खटला भरताना खरी अडचण हीच असते. घर पेटवणारा हात साक्षीदाराला दिसतो. भाषण करणारा, हत्यारं पुरवणारा, सगळं कळूनही न थांबवणारा पंचनाम्यात येत नाही.

या खटल्यातली एक गोष्ट मी नव्या वकिलांना मुद्दाम सांगते. लष्करी गव्हर्नरने नेमलेल्या खास न्यायाधिकरणाने रझवीला दोषी धरलं होतं. तिथली कामकाजाची पद्धत साध्या फौजदारी कोर्टापेक्षा आखूड होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1953 मध्ये पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली. व्हिवियन बोस आणि गुलाम हसन यांनी वेगळा निकाल दिला. ज्याचं नाव घेतलं की आमच्याकडं लोक थुंकायचे, त्याच्याही बचावाचा हक्क त्या दोघांनी मोजून पाहिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम तेच. सूड उगवायचा असता तर कोर्टाची गरजच नव्हती.

1957 मध्ये सुटून रझवी पाकिस्तानात गेला, 1970 मध्ये कराचीत वारला. संस्थानाचे पंतप्रधान लायक अली तर 1950 मध्येच नजरकैदेतून निसटून तिकडं गेले होते. आणि ज्याच्या राज्यात हे सगळं घडलं तो निजाम? 26 जानेवारी 1950 पासून 1956 पर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख होता. संस्थान शांतपणे सांभाळायचं म्हणून दिल्लीने केलेली ही सोय मला समजते. पटत नाही.

दुसरी बाजू आमच्या भागात दबक्या आवाजात बोलतात. अ‍ॅक्शननंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. औसा, लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. एकट्या लातुरात हजारावर मारले गेल्याची नोंद आहे. काही ठिकाणी लष्कर-पोलिसातले लोकही लुटीत आणि हत्येत होते, असं समितीने लिहिलं. अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला. ‘आधी त्यांनी काय केलं ते बघा,’ असं मला भावकीतलेच ऐकवतात. बघितलंय, काका. पण रझवीच्या पापाची शिक्षा लातूरच्या पेठेतल्या कच्छी व्यापाऱ्याला का?

शिक्षा पुढाऱ्यालाच व्हायला हवी, आणि ती होऊ शकते. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला 2012 मध्ये खास आंतरराष्ट्रीय कोर्टात पन्नास वर्षांची शिक्षा झाली. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना त्याने मदत केली होती. त्यांनी लोकांचे हातपाय तोडले. टेलरने स्वतः कुऱ्हाड उचलली, असा आरोपच नव्हता. 1948 मध्ये रझवी, लायक अली आणि निजामासाठी असं कोर्ट नव्हतं.

आज हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, भारत त्याचा सदस्य नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण 1997 मध्ये सही केली, तो मंजूर केलेला नाही. त्यासाठीचं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि मेलं. 17 सप्टेंबरला झेंडा फडकवायला जे आमदार-खासदार येतात, त्यांना हा करार कधी मंजूर करून घेणार, असं औशाच्या माणसाने भर कार्यक्रमात विचारावं. सुंदरलाल अहवालाची मराठी प्रतही तालुक्याच्या वाचनालयात मागावी.