दुसऱ्या मुलाच्या आईचे काय?

आमच्या नवेगाव बांधला रोवणी लागली की गरोदर बाईही चिखलात उतरते. माझी आई अशीच उतरत आली. बाळंतपणानंतर किती दिवसांनी ती पुन्हा बांधीत गेली, हे तिला सांगता येत नाही. मजुरी बुडाली की चूल बुडते, एवढेच तिला ठाऊक.

मागच्या पावसाळ्यात शेजारची वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला पहिली मुलगी, आता दुसरा मुलगा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या अटी वाचून मला 'नाही' म्हणावे लागले. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी ६००० रुपये आहेत. पण ती मुलगी असेल तरच. वहिनीने विचारले, "भाऊजी, पोरगा झाला म्हणून माह्या अंगातली ताकद कमी गेली का?"

या प्रश्नाला योजनेपाशी उत्तर नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू योग्यच. पण बाळंतिणीची विश्रांती आणि तिची बुडालेली मजुरी मुलाच्या लिंगावर ठरत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, सरकारी नोकरीतल्या वा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया सोडून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६००० रुपये मिळायला हवेत. मात्र त्याच कलमात 'केंद्र सरकार आखील त्या योजनांच्या अधीन राहून' अशी मेख आहे. कायद्याने 'प्रत्येक' म्हणायचे आणि योजनेने मोजून वगळायचे, असा हा व्यवहार आहे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची मानली. तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. १९२९ चा कायदा झाला तो कारखान्यांतल्या स्त्रियांपुरता. शेतातली बाई तेव्हाही बाहेर होती.

माझ्या कॉलेजातल्या कायम नोकरीच्या प्राध्यापिकांना पगारी प्रसूतिरजा मिळते. ती मिळालीच पाहिजे. तोच न्याय रोवणीच्या बाईला हवा. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी फॉर्म भरून द्यावेतच. पण त्या फॉर्मवरच्या अटींनाही जाब विचारावा. वहिनीला दया नको आहे. कायद्यातल्या 'प्रत्येक' या शब्दात ती आहे की नाही, एवढेच तिला कळायला हवे.