दासाचे भय, लेकराचे भय

ख्रिस्ती धर्मात ‘परमेश्वराचे भय’ हा सद्गुण मानला जातो. देवाला पिता म्हणून हाक मारायला शिकवणाऱ्या या धर्माचे ग्रंथ त्याच्या भयालाच शहाणपणाचा आरंभ म्हणतात. नीतिसूत्रांत हे आहे, स्तोत्रसंहितेत आहे आणि ईयोबाच्या पुस्तकातही आहे. ऐकणाऱ्याला यात विसंगती वाटू शकते. मात्र मराठीतले ‘देवभीरू’ आणि ‘पापभीरू’ हे शब्द आठवले, तर कोडे थोडे सुटते. हे शब्द भित्र्या माणसाला कोणी लावत नाही. ते सरळमार्गी माणसाची ओळख सांगतात. भित्रेपणा आणि देवभीरूपणा यांतला हाच फरक ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतके उलगडून मांडला आहे.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ‘यिरआ’ हा शब्द शत्रूच्या धास्तीलाही चालतो आणि देवासमोर दाटून येणाऱ्या आदरालाही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतला ‘फोबोस’ही तसाच दुहेरी आहे, आजचा ‘फोबिया’ त्याच्यापासून आला. त्यामुळे कोणत्या जागी कोणते भय अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ओळखावे लागते. निर्गमाच्या पुस्तकात सीनाय पर्वत धुमसतो, मेघ गर्जतात, रणशिंगाचा नाद घुमतो आणि लोक थरथरत दूर उभे राहतात. तेव्हा त्यांचा नेता मोशे त्यांना घाबरू नका म्हणतो, आणि लगेच सांगतो की देवाचे भय तुमच्यात राहावे व तुम्ही पाप करू नये म्हणूनच हे घडले. एक भय सोडायचे आणि दुसरे धरायचे, असा हा उपदेश आहे.

दुसरे भय कसे असते, हे यशया संदेष्ट्याच्या दर्शनात दिसते. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशयाला मंदिरात सिंहासनावर बसलेला प्रभू दिसला. सहा पंखांचे सराफीम हे स्वर्गीय सेवक त्याच्याभोवती होते आणि तेही दोन पंखांनी तोंड झाकून होते. यशयाला पहिली जाणीव झाली ती आपल्या अशुद्ध ओठांची. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला गेला, त्याचे पाप दूर झाले आणि देवाचा निरोप न्यायला तो स्वतः पुढे आला. देवाच्या पावित्र्यासमोर माणूस आधी हादरतो, मग शुद्ध होतो आणि शेवटी कामाला लागतो, असा या भयाचा क्रम आहे.

हे भय मंदिरापुरते नाही. लेवीयाच्या पुस्तकातला नियम असा की बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये आणि देवाचे भय बाळगावे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला अडथळा ठेवणारा दिसत नाही. जिथे पकडले जाण्याची भीती नाही, तिथेच या भयाची कसोटी लागते. निर्गमाच्या आरंभी हिब्रू मुलगे जन्मताच मारून टाकण्याचा हुकूम इजिप्तचा राजा फारो सुइणींना देतो. सुइणी देवाचे भय बाळगत असल्यामुळे हुकूम मोडतात. देवाचा धाक असला की राजाचा धाक उरत नाही.

नव्या करारात देवदूत प्रकट झाले की त्यांचे पहिले शब्द बहुधा भिऊ नका असेच असतात. जखऱ्या, मरिया आणि बेथलेहेमजवळचे मेंढपाळ यांना हाच दिलासा मिळतो. तरी भय संपत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू सरोवरातले वादळ शांत करतो, तेव्हा लाटा ओसरल्यावर शिष्यांना मोठे भय वाटते: वारा आणि पाणी ज्याचे ऐकतात असा हा कोण? पुढे योहानाचे पहिले पत्र सांगते की पूर्ण प्रेम भीतीला घालवून देते, कारण भीतीत शिक्षेची कल्पना असते. प्रेषित पौल मात्र फिलिप्पैच्या मंडळीला भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगतो.

या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा, याचे एक उत्तर धर्मचिंतक ऑगस्टीनने दोन पत्नींच्या दृष्टान्ताने दिले. व्यभिचारी पत्नीला नवरा घरी येईल याची भीती असते, तर निष्ठावंत पत्नीला तो सोडून जाईल याची. प्रेमाने पहिली भीती जाते, दुसरी टिकते. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तीत नम्रतेची बारा पायऱ्यांची शिडी आहे. पहिली पायरी देवाच्या भयाची. बाराही चढून गेलेला साधक भीती घालवणाऱ्या प्रेमापाशी पोहोचतो.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने या विचाराला नेमकी परिभाषा दिली. दासाला भय असते ते शिक्षेचे. पुत्राला भय असते ते पित्याला दुखावण्याचे आणि त्याच्यापासून दुरावण्याचे. पहिले भय अपुरे असले तरी निरुपयोगी नाही, कारण ते माणसाला वाईटापासून मागे ओढते. दुसरे भय प्रेमाबरोबर वाढत जाते आणि स्वर्गातही विस्मययुक्त आदर म्हणून राहते. यशयाच्या अकराव्या अध्यायावरून पवित्र आत्म्याची सात दाने मोजली जातात, त्यांतही परमेश्वराचे भय आहे.

शिक्षेच्या भयाने केलेला पश्चात्ताप देवाला चालतो का, यावर पुढे मतभेद झाले. अशा भयातूनही अपूर्ण का होईना पश्चात्ताप होतो आणि पापनिवेदनाच्या संस्कारात क्षमा मिळण्यासाठी तो माणसाला तयार करतो, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये ठरवले. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला नुसत्या शिक्षेच्या भीतीतून आलेला पश्चात्ताप खोटा वाटे. तरी 1529 च्या ‘लघु प्रश्नोत्तरी’त दहा आज्ञांचा अर्थ सांगताना देवाचे भय आणि प्रेम ही जोडी त्याने प्रत्येक आज्ञेला लावली. भयावर फार भर दिला की काय होते, हे 1741 मध्ये अमेरिकेतील एनफिल्ड गावी दिसले. धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्सने देवाच्या क्रोधावर दिलेल्या प्रवचनात श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला की त्याला मध्येच थांबावे लागले.

1917 मध्ये जर्मन विचारवंत रुडॉल्फ ओटो याने पवित्रतेच्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते जे पवित्र असते ते माणसाला एकाच वेळी थरकापही आणते आणि ओढही लावते. ख्रिस्ती उपासनेत या दोन्हींना जागा आहे. यशयाने ऐकलेला त्रिवार ‘पवित्र’चा घोष कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन उपासनेत आजही होतो. जळत्या झुडपातून देवाने मोशेला जोडे काढायला सांगितले होते. त्याच भावनेने इथिओपियातील आणि केरळच्या सुरियानी परंपरेतील ख्रिस्ती अजूनही अनवाणी चर्चमध्ये जातात. ऑर्थोडॉक्स उपासनेत प्रभुभोजनाचा प्याला पुढे आणताना देवाचे भय, विश्वास आणि प्रेम घेऊन जवळ येण्याचे आवाहन केले जाते. भय बाळगायचे आणि तरीही जवळ यायचे.

पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये आत्म्याच्या दानांवरील प्रवचनमालेचा शेवट याच विषयाने केला. देवाला घाबरणे असा या दानाचा अर्थ नाही. आपण त्याच्यापुढे किती लहान आहोत आणि त्याच्या प्रेमाच्या आधाराने आहोत, ही जाणीव म्हणजे हे भय, असे त्यांनी सांगितले. त्याच प्रवचनात भ्रष्टाचाऱ्यांना आणि शस्त्रांच्या व्यापाऱ्यांना मात्र त्यांनी हेच भय धोक्याची घंटा म्हणून ऐकवले.