काचेवर उतरलेली मुंबई

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक इमारतींची छायाचित्रे पाहणारा मनुष्य बहुधा त्यांतील मोकळे रस्ते पाहून हळहळतो आणि पान उलटतो. परंतु ती इमारत ज्या कारागिरीने कागदावर उतरली तिचे भान ठेवून तेच चित्र पुन्हा न्याहाळले, तर स्थपतीच्या प्रतिभेबरोबर छायाचित्रकाराचा विवेकही दिसू लागतो, आणि माझ्या मते खरा आस्वाद तेथूनच सुरू होतो.

ही विद्या मुंबईस फार लवकर आली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची कृती जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांस इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले आणि सरकारदप्तरी तसबिरीलाही दस्तऐवजाचे मोल आले.

त्या काळची ओल्या काचेची पद्धत मोठी कष्टाची. काचेवर कलोडियनचा चिकट लेप सारखा पसरायचा, अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून तिला प्रकाश द्यायचा आणि लेप वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत शिरून चित्र उमटवायचे, हा सारा व्याप काही मिनिटांत उरकावा लागे. त्यात मुंबईचे ऊन, तेव्हा लेप वाळायला कितीसा वेळ लागणार! पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेल्या कागदाला ती काच भिडवून छाप काढीत, म्हणून चित्र जेवढे मोठे हवे तेवढीच मोठी काच वाहून न्यावी लागे. पण त्या थेट छापामुळेच दगडाचा सांधा न् सांधा आजही भिंगाखाली स्पष्ट दिसतो.

१८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल, जेथे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, पश्चिमाभिमुख आहे. सकाळी त्याचे दर्शनी अंग सावलीत असते. डोरिक स्तंभांची गोलाई आणि त्या विस्तीर्ण पायऱ्यांची ओळ उठून दिसावी, तर दुपार कलण्याची वाट पाहणे भाग होते. जुन्या चित्रांतील पायऱ्या ओस दिसतात खऱ्या, पण तेथे वर्दळ नव्हती असे समजू नये: चालता मनुष्य त्या संथ काचेवर उमटतच नसे, आणि कोणी थबकून पुढे गेलाच तर धुरासारखी छाया तेवढी मागे राही. आकाशही कोरे दिसते, कारण निळ्या रंगाला तो लेप फार लवकर वश होई.

१८७८ साली उभा राहिलेला, सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा म्हणजे छायाचित्रकाराची परीक्षाच. कॅमेरा वर कलवावा तर मनोऱ्याच्या उभ्या रेषा शेंड्याकडे एकवटून तो मागे रेलल्यासारखा भासणार. म्हणून कॅमेरा सपाट ठेवून भिंग वर सरकवणे किंवा समोरच्या ओव्हल मैदानात दूरवर मागे जाणे, असे दोनच मार्ग उरत. मागे जायला जागाही होती, कारण विद्यापीठ, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांची ती रांग तेव्हा पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून उभी होती, आणि ओव्हलच्या पलीकडच्या इमारती व मरीन ड्राइव्ह हे सारे विसाव्या शतकातले. या वास्तूंच्या रचनेत समुद्रावरून येणारे वारे आणि समुद्रावरून पडणारी पाहणाऱ्याची नजर किती हिशेबात धरली होती, हे आज जागेवर उभे राहून कळत नाही. त्या चित्रांवरून कळते.

असे छाप अद्याप कित्येक कचेऱ्यांत, वाचनालयांत आणि घरोघरीच्या पेट्यांत पडून आहेत. उजेडाने ते पिवळे पडतात व विटतात. म्हणून ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी उन्हाच्या भिंतीवरून काढून घ्यावेत, डिंकाने चिकटवू नयेत, आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने इमारतीचे नाव व ठाऊक असल्यास साल अवश्य लिहून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.